पूर्वेकडे तोंड असलेला कर्णा

मी एक जुना कर्णा आहे, मित्रांनो, आणि सध्या माझे तोंड चुकीच्या दिशेला आहे. ही तक्रार मी शेवटी सविस्तर मांडीन. आधी सर्व क्रमाने सांगतो, कारण ज्या माणसाने मला दुरुस्त केले त्याला क्रम सोडून बोललेले खपत नसे.

माझे शरीर अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचे आहे. तोंडाचा व्यास सोळा इंच. पाठीमागे मुठीएवढे चुंबक, त्यात केसासारख्या तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि वेटोळ्याला चिकटवलेला एक पातळ पडदा. तारेतून वीज आली की पडदा थरथरतो, आणि पडदा थरथरला की मी बोलतो. माझे स्वतःचे मत या रचनेत कोठेही बसवलेले नाही. एवढे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

माझी पहिली दोन वर्षे निवडणुकीच्या प्रचाराच्या जीपवर गेली. त्या काळात मी जे बोललो त्याविषयी न सांगितलेलेच बरे. उमेदवार इतके ओरडले की माझे वेटोळे जळाले, आणि मी भंगारात पडलो. तेथून मला मानोंग तिबू यांनी उचलले. त्यांचे नाव तिबुर्सियो, पण पनाय बेटाच्या किनाऱ्यावरच्या त्या मालुबाय गावात थोरल्या भावाला म्हणावे तसे सगळे त्यांना 'मानोंग' म्हणत. त्यांनी तंत्रविद्यालयात शिक्षण घेतले होते, आणि गावातले रेडिओ व होड्यांची इंजिने तेच दुरुस्त करीत. त्यांनी माझ्यात नवे वेटोळे गुंडाळले. फेरे मोजताना ते ओठ हलवीत, आणि कोणी हाक मारली तर आकडा चुकू नये म्हणून उत्तर देत नसत.

मालुबायमध्ये चारशे घरे होती. तेथे वर्तमानपत्र येत नसे, आणि शहरातला रेडिओ शहराविषयीच बोले. म्हणून गावकऱ्यांनी वर्गणी काढून लोखंडी नळ्यांचा एक उंच खांब उभा केला. आधी नारळाचे खोड उभे केले होते, ते पहिल्याच वादळाने नेले. खांबावर चार कर्णे बसवले. एकाचे तोंड भातखाचरांकडे, एकाचे चर्चकडे, एकाचे समुद्राकडे. चौथा मी. माझ्या वाट्याला पूर्व आली, आणि पूर्वेला, बोटींच्या धक्क्याजवळ, सहाशे मीटरवर पोलीस चौकी होती.

खांबाखालच्या लाकडी खोलीत मायक्रोफोनपुढे मानंग पेपांग बसत. 'मानंग' म्हणजे थोरली बहीण. त्या निवृत्त शिक्षिका होत्या, आणि निम्म्या गावाने त्यांच्या हातच्या छड्या खाल्ल्या होत्या. रोज सकाळी सात वाजता त्या दोन गोष्टी वाचत.

पहिली गोष्ट म्हणजे चौकीची नोंदवही. कोणाला पकडले, का पकडले, काय जप्त केले, हे सर्व त्या जाड वहीत लिहावे लागते, आणि ती वही पाहण्याचा हक्क सर्वांना असतो. असे हक्क बजावायला सहसा कोणी जात नाही. मानंग पेपांग जात. साडेसहाला त्या चौकीच्या बाकावर बसत, कालच्या नोंदी आपल्या वहीत उतरवून घेत, आणि सातला त्या जशाच्या तशा वाचत. वर एका शब्दाची टीका नाही. शाळेत हजेरी घ्यावी तसा तो आवाज असे.

दुसरी गोष्ट म्हणजे वाढदिवस. बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात गावातल्या प्रत्येकाचे एक कार्ड होते. कार्डावर नाव, जन्मतारीख आणि खाली पेन्सिलीने 'सध्याचा मुक्काम'. कारण गावातले निम्मे लोक बाहेर होते, कोणी जहाजावर, कोणी कुवेतला, कोणी हाँगकाँगच्या एखाद्या स्वयंपाकघरात. मुक्काम बदलला की मानंग जुना खोडून नवा लिहीत. "आज तेओफिला, मुक्काम कुवेत. शतायुषी व्हा," एवढेच त्या वाचत, आणि गल्लीत झाडू घेऊन उभ्या असलेल्या आईला आपली लेक जणू चर्चच्या मागेच आहे असे वाटे.

दोन्हींना नियम एकच होता. एकही नोंद गाळायची नाही, एकही नाव गाळायचे नाही. एकदा गावप्रमुखांचा पुतण्या पिऊन मारामारीत सापडला. गावप्रमुखांना सगळे 'कॅप' म्हणत. ते कोंबडा भेट घेऊन आले आणि ती नोंद वगळण्याची विनंती करू लागले. मानंगनी कोंबडा परत दिला आणि नोंद वाचली. योगायोगाने त्याच दिवशी पुतण्याचा वाढदिवस होता. तोही वाचला.

मित्रांनो, या वाचनाने काय होते ते मी डोळ्यांनी पाहिले, कारण माझे तोंड चौकीकडेच होते. चौकीत सार्जंट मोन्तेहो होते. धक्क्यावर होडी लागली की चांगला मासा उचलायचा आणि चालू लागायचे, ही त्यांची रीत. दामियान नावाच्या तरुण होडीवाल्याने एकदा मासा द्यायला नकार दिला, तेव्हा त्याच्या होडीचे इंजिनच जप्त झाले. दुसऱ्या दिवशी मी बोललो, "नोंद अकरावी. दामियान याच्या होडीचे इंजिन ताब्यात घेतले. कारण: कोरे." तिसऱ्या दिवशी इंजिन परत केल्याची नोंद नव्हती, म्हणून तीच नोंद पुन्हा वाचली. चौथ्या दिवशीही. सहाव्या दिवशी सार्जंट स्वतः खांबाखाली आले.

"मानंग, ते 'कारण कोरे, कारण कोरे' बंद करा आता. माझी बायको बाजारात गेली की कोळणी तिला 'कोरे वहिनी' म्हणून हाक मारतात."

"मग कारण लिही, तोतो," मानंग म्हणाल्या. लहान मुलाला म्हणतात तसे त्या त्याला अजून 'तोतो' म्हणत. "चौथीतसुद्धा तू उत्तराची जागा कोरी सोडायचास. आणि अक्षर तर तेव्हापासून तसंच आहे. वाचताना डोळे दुखतात माझे."

"अहो, मी सार्जंट आहे!"

"ते वाचलंय मी. नोंदीखाली लिहिलेलं असतं."

सातव्या दिवशी इंजिन परत आले. धक्क्यावर लोक हसले, आणि मानोंग तिबूंनी शिडी लावून माझ्यावरची धूळ पुसली. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले दिवस. मात्र एक गोष्ट तेव्हा कोणी मोजली नाही. सगळे गाव हसत असताना जो एक मनुष्य हसत नव्हता, तो ते हसू साठवून ठेवत होता.

सात महिन्यांनी दामियानला पकडले. दुसऱ्या दिवशी मानंगनी वाचले, "नोंद चौथी. दामियान धक्क्यावरून पळून जात असता पडला. डोक्यास मार. बेशुद्ध स्थितीत सायंकाळी पाच चाळीस वाजता उचलून चौकीत आणला. इस्पितळात नेताना मृत्यू." वाचताना त्यांचा आवाज हलला नाही. माझा पडदा मात्र सांगू शकतो की 'मृत्यू' या शब्दाआधी त्यांनी श्वास घेतला होता.

वाचन संपायच्या आत बिन्यांग खोलीत आली. ती धक्क्यावर टोपली घेऊन सुमान विकत असे, केळीच्या पानात बांधून शिजवलेला चिकट भात. एवढे अंतर ती धावत आली होती.

"उचलून आणला म्हणतात? मानंग, तो चालत गेला! माझ्या टोपलीसमोरून!"

"हळू बोल. माईक चालू आहे," तिबू म्हणाले.

"असू दे चालू. माझ्याजवळ थांबला आणि म्हणाला, 'मानंग बिन्यांग, एक द्या, सकाळपासून पोटात काही नाही.' हात मागं बांधलेले. मी पान सोललं आणि माझ्या हातानं भरवलं. सार्जंट शेजारी उभा होता, घड्याळ बघत होता. डोक्याला काही झालेलं नव्हतं. दोन घास खाल्ले आणि म्हणाला, 'गूळ कमी पडला.' बेशुद्ध माणूस गूळ कमी पडला म्हणतो का?"

हे सर्व माझ्यातून चौकीपर्यंत गेले. मी जन्मात बोललेले सर्वांत खरे शब्द ते होते, आणि ते माझे नव्हते.

मग प्रांताच्या शहरातून एक वकीलबाई आल्या. चौकशी लागली, तारीख एकोणीस. सर्व काही बिन्यांगच्या साक्षीवर उभे होते, कारण दामियानला चौकीच्या दाराने पायांवर चालत आत जाताना पाहिले असे सांगणारी ती एकटीच होती. इतरांनीही पाहिले होते, पण त्यांना आठवत नव्हते. दोन दिवसांनी बिन्यांगच्या घरासमोर नंबरपट्टी नसलेली मोटारसायकल उभी राहू लागली. तेव्हा वकीलबाईंनी ठरवले की तिने एकोणीस तारखेपर्यंत डोंगरातल्या इगबुतो वाडीत, बहिणीकडे राहावे. हे तीनच माणसांना ठाऊक होते. वकीलबाई, तिबू आणि मानंग पेपांग.

आणि त्याच दिवशी मानंगनी डबा उघडला, बिन्यांगचे कार्ड काढले, 'मालुबाय' खोडले आणि पेन्सिलीने लिहिले: 'इगबुतो, बहिणीकडे'.

तुम्ही विचाराल, का लिहिले? मित्रांनो, मीही हा प्रश्न पुष्कळदा स्वतःला विचारला आहे. एकवीस वर्षे त्या हेच करीत आल्या होत्या. कोणी गाव सोडले की हात आपोआप डब्याकडे जाई. खोटे कार्ड त्यांच्या डब्यात राहू शकत नव्हते. त्या एका ओळीत वाईट हेतू तिळभर नव्हता. होता तो फक्त व्यवस्थितपणा.

बिन्यांगचा वाढदिवस चौदा तारखेला होता.

त्या सकाळी चार कार्डे होती. तिबूंनी तारखेप्रमाणे काढून, चष्म्याशेजारी रचून ठेवली होती. तारीख तेवढी पाहिली होती, नाव नाही. मानंग नोंदवही वाचून आधीच थकलेल्या होत्या. चौकशीच्या धावपळीने त्यांची झोप उडाली होती. पहिले कार्ड वाचले, दुसरे वाचले. एवढी वर्षे वाचणाऱ्या माणसाचे डोळे शब्द थेट जिभेवर टाकतात, मन मागाहून येते. तिसरे कार्ड असे होते:

"आज अल्बिना, म्हणजे आपली बिन्यांग. मुक्काम इगबुतो, बहिणीकडे. शतायुषी..."

पुढचा शब्द आला नाही. तिबूंचा हात खटक्यावर पडला आणि माझी वीज गेली. पण आवाज एका सेकंदात तीनशे चाळीस मीटरच्या वर जातो. चौकी सहाशे मीटरवर. 'इगबुतो' हा शब्द तेथे पोहोचायला पावणेदोन सेकंद लागले. माझ्या तोंडातून सुटलेल्या त्या शब्दाला मी जाताना पाहत होतो, आणि कर्ण्याला शब्द परत ओढून घेता येत नाही.

खाली खोलीत मानंग म्हणाल्या, "तिबू, मी काय वाचलं?"

तिबूंनी मोटारसायकलची किल्ली घेतली.

सात वाजून अकरा मिनिटांनी चौकीची जीप निघाली. तिबूंची मोटारसायकल सात वाजून सोळा मिनिटांनी. इगबुतोला एकच रस्ता जातो.

बिन्यांगला कोणी मारले नाही. तिच्या अंगावर ओरखडाही नव्हता. पोलीस आता शहाणे झाले होते. त्यांनी तिला आणि तिच्या बहिणीच्या नवऱ्याला चौकीत आणले, दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवले आणि मधले दार जरासे उघडे ठेवले. त्याला काय केले ते तिला दिसत नव्हते, फक्त ऐकू येत होते. दुपारी तिने सही केली.

पंधरा तारखेला साडेसहा वाजता मानंग पेपांग नेहमीप्रमाणे बाकावर बसल्या आणि त्यांनी नोंद उतरवून घेतली. सातला त्यांनी वाचली, "नोंद सातवी. अल्बिना ही स्वेच्छेने चौकीत आली व पूर्वीचे बोलणे गैरसमजातून झाल्याचे तिने सांगितले." नियम असा की टीका करायची नाही. त्यांनी केली नाही. त्यांनी ती नोंद पुन्हा वाचली. मग तिसऱ्यांदा वाचली आणि 'स्वेच्छेने' या शब्दावर थांबल्या, इतका वेळ की तार तुटली की काय म्हणून तिबूंनी वर माझ्याकडे पाहिले.

एकोणीस तारखेला बिन्यांगने चौकशीत सांगितले की त्या दिवशी अंधार होता, नीट दिसले नाही. सायंकाळचे साडेपाच, मे महिना आणि समोर मोकळा समुद्र. लिहिणाऱ्याने लिहून घेतले. वकीलबाईंनी आपली कागदपत्रे पिशवीत भरली.

यानंतर पोलिसांना आमच्या खांबाला हात लावावाच लागला नाही. ते काम गावाने केले. पहिल्यांदा आली म्हातारी कोळीण सेन्याँग.

"मानंग, राग मानू नका. माझं कार्ड तेवढं द्या."

"तुझा वाढदिवस तर डिसेंबरात आहे, सेन्याँग."

"हो ना. मला शंभर वर्षं जगायचंच आहे, पण गुपचूप."

मग एकेक जण येऊ लागला. कोणी सांगे लेकीने कुवेतहून निरोप धाडला, कोणी सांगे नवऱ्याला आवडत नाही. कॅप स्वतः आले आणि सर्व कुटुंबाची कार्डे एकदम घेऊन गेले. शेवटी बिन्यांग आली. मानंगनी तिचे कार्ड वेगळे काढून ठेवले होते. ते हातात देताना त्यांना काही बोलायचे होते, पण एकवीस वर्षे गावाला वाचून दाखवणाऱ्या त्या बाईला एक वाक्य जुळेना.

"तुम्ही वाईट नाही, मानंग," बिन्यांग म्हणाली. "वाईट असता तर मी सावध राहिले असते."

तिने कार्ड टोपलीत टाकले आणि ती निघून गेली. पुढे ती बेट सोडून गेली असे म्हणतात. तिचा सध्याचा मुक्काम मला ठाऊक नाही, आणि तो मला कधीही कळू नये.

डबा रिकामा झाला, तसे ऐकणारेही गेले. ज्यांची नावे वाचायची नाहीत त्यांना दुसऱ्यांच्या नोंदी ऐकायला भीती वाटू लागली. चौकीने नोंदवही कुलपात ठेवली आणि अर्ज मागायला सुरुवात केली. अर्जाला उत्तर येत नसे. वर्षभराने गावाच्या सभेत ठराव झाला की चारही कर्णे बिनकामाचे आहेत, सबब जनहितार्थ पोलिसांस द्यावेत. कोणी विरोध केला नाही. तिबूंना मला चौकीवर बसवायला बोलावले तेव्हा त्यांनी हात पुढे करून दाखवले. ते थरथरत होते. खरेच थरथरत होते की त्यांनी थरथरवले, हे मला सांगता येणार नाही. दुसऱ्याच कोणी तरी मला बसवले, वाकडे बसवले.

तेव्हापासून मी चौकीच्या छपरावर आहे. माझे तोंड पश्चिमेला, गावाकडे आहे. मोन्तेहो आता चौकीचे प्रमुख आहेत. रोज सकाळी सातला मी पोलिसांच्या सेवाभावाचे गाणे वाजवतो, मग सूचना देतो, मग सभेच्या सदस्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा. मला नवा रंग दिला आहे. इतका छान रंग मला मालुबायच्या खांबावर कधीच मिळाला नव्हता.

मानंग पेपांग अजून येतात. रोज साडेसहाला, त्याच बाकावर, बरोबर माझ्या खाली. नोंदवही मागतात. शिपाई म्हणतो, "उद्या या, मानंग." त्या आपल्या वहीत तारीख, वेळ, शिपायाचे नाव आणि 'नकार' एवढे लिहितात. मग मासळीबाजारात जाऊन ते मोठ्याने वाचतात. कर्ण्याशिवाय, स्वतःच्या गळ्याने. कधी तीन माणसे थांबतात, कधी एक मांजर. वाऱ्याची दिशा ठीक असली की तो आवाज माझ्यापर्यंत येतो. मित्रांनो, तिबूंनी मला एक गुपित सांगितले होते. कर्णा उलटाही चालतो. त्याच्या तोंडात आवाज शिरला की पडदा थरथरतो आणि तारेतून उलट अगदी क्षीण वीज वाहते. म्हणजे मी ऐकू शकतो. मी मानंगचा प्रत्येक 'नकार' खाली पाठवतो. पण माझ्या तारेच्या टोकाला चौकीचे यंत्र आहे, आणि त्याला कोणी कान लावत नाही.

गेल्या महिन्यात मानंगचा वाढदिवस झाला. त्यांचे कार्ड कोणाकडे नव्हते, ते त्यांच्याच घरात होते. तरी सकाळी सातला प्रमुख मोन्तेहोंनी स्वतः माईक घेतला आणि मला बोलायला लावले:

"आज मानंग पेपांग. मुक्काम चर्चमागची गल्ली, निळं दार, घरात एकट्या. शतायुषी व्हा."

अगदी मानंगच्याच चालीवर. एक शब्द वावगा नाही. कोणत्याही वहीत ही धमकी म्हणून नोंदवता येणार नाही. गावात त्या सकाळी एकही झाडू हलला नाही. बाकावरच्या मानंग तेवढ्या आपल्या वहीत लिहीत होत्या.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला त्या पुन्हा आल्या. प्रमुख दारातच उभे होते.

"तोतो," त्या म्हणाल्या, "पत्ता बरोबर वाचलास. आता नोंदवही दे."

"उद्या या," प्रमुख म्हणाले.

त्यांनी लिहून घेतले.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी विनंती करतात, तशी मीही करतो. मला तेल नको, रंग नको, आठवणही नको. दोन गोष्टी सांभाळा. ज्याच्या कमरेला पिस्तूल आहे त्याचे नाव रोज मोठ्याने वाचा, आणि ज्याच्याजवळ टोपलीशिवाय काही नाही त्याचे नाव ओठांवर आणण्याआधी कर्ण्याचे तोंड कोणीकडे आहे ते पाहा. मानंगना यांतली पहिली गोष्ट येत होती. दुसरी त्या शिकल्या, पण तिची फी बिन्यांगने भरली.

आणि तुमच्यापैकी कोणाला जमलेच, तर मला येथून काढा. जुना खांब अजून उभा आहे, त्याची पूर्वेकडची पकड रिकामी आहे. मी चार बोल्टांवर बसवलेला आहे, तेरा नंबरच्या पान्याने सुटतात. डावीकडचा खालचा गंजलेला आहे, त्याला आदल्या दिवशी रॉकेल लावून ठेवा. एका माणसाचे वीस मिनिटांचे काम आहे.